वाचनालयाचा सर्व्हर: डेबियन ८ ते १२, कामाच्या नोंदी

३ मे २०२५, शनिवार

खानापूर (बेळगाव) तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचा सर्व्हर आज पहिल्यांदा नीट उघडून बघितला. दाखल रजिस्टरांच्या कपाटाशेजारी, टेबलाखाली असतो. २०१६ साली बसवलेला. देवघेव, सभासद, वर्गणी, पुस्तकांची यादी, सगळं त्याच्यावर. प्रोग्राम गावच्याच एका पोरानं २०१२ मध्ये कॉलेजात असताना पीएचपी या भाषेत लिहून दिला. तो आता पुण्याला असतो. तेरा वर्षं रोज चाललेलं काम आहे, त्यामुळं त्यात हात घालताना जपून घालायचा.

आतली स्थिती: ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन ८, तिचं टोपणनाव जेसी. एप्रिल २०१५ ची आवृत्ती. तिच्या वाढीव मुदतीच्या सुरक्षा दुरुस्त्यासुद्धा ३० जून २०२० ला थांबल्या आणि या मशीनवरचं शेवटचं अपडेटही त्याच सुमाराचं आहे. पीएचपी ५.६, डेटाबेस मायएसक्यूएल ५.५. माझ्या लॅपटॉपवरून एसएसएचनं, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीनं, आत जायला गेलो तर सर्व्हर माझी पासवर्डऐवजीची किल्ली घेईना. कारण साधं: नवा एसएसएच आरएसए किल्लीची सही जुन्या एसएचए-१ पद्धतीनं करायला तयार नसतो आणि जेसीवरच्या एसएसएचला दुसरी पद्धत येत नाही. पासवर्ड टाकून आत गेलो.

मग बॅकअप बघितला आणि खाली बसलो. रोज रात्री डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या नोंदींची एक फाइल, निघतो आणि एचटीटीपीएसवरून बाहेरच्या एका जागेवर जातो, असं सचिव सरांनी सांगितलं होतं. डम्प निघतोय, हे खरं. बाहेर जाणं मात्र ऑक्टोबर २०२१ पासून बंद आहे. लॉगमध्ये रोज एकच ओळ, प्रमाणपत्र पटत नाही म्हणून. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. प्रमाणपत्रं तपासणाऱ्या नव्या ओपनएसएसएलला विश्वासाचा दुसरा रस्ता सापडतो, जेसीवरच्या १.०.१ ला तो सापडत नाही. म्हणजे साडेतीन वर्षं या वाचनालयाच्या नोंदींची एकमेव प्रत एका हार्डडिस्कवर होती. ती डिस्कही तपासली: खराब झालेले सेक्टर बदलून घ्यायला लागलीय.

हे अध्यक्ष काकांना संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पुस्तकांची नावं जातील काय?" मी म्हटलं, जाऊ देणार नाही. काम त्यातच ठरलं.

५ मे, सोमवार

सोमवार वाचनालयाची सुट्टी. कामाचे दिवस रविवार संध्याकाळ आणि सोमवार, असं ग्रंथपाल अक्कांशी ठरलं.

बेळगावातून ५०० जीबीची एसएसडी आणली. हार्डडिस्कची अख्खी प्रत तिच्यावर घेतली. दोन ठिकाणी वाचायला अडखळली, पण दुसऱ्या फेरीत वाचलं. आता मूळ डिस्क जशीच्या तशी वाचनालयात चालत राहील आणि एसएसडी माझ्या घरच्या मशीनमध्ये लावून तिच्यावर सगळे प्रयोग करीन. चुकलं तर वाचनालयाला कळणारही नाही.

डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारायची सोय नाही. ८ वरून ९, मग १०, ११, १२. तेरावी या मे २०२५ मध्ये अजून चाचणीत आहे, तिच्या मागं लागायचं नाही. सरळ १२ नव्यानं बसवून डेटा उचलून नेता आला असता आणि पुष्कळ लोक तेच सुचवतील. मी पायऱ्यांनी जायचं ठरवलं. या मशीनवर काय काय बसवलंय हे कुणालाच पूर्ण ठाऊक नाही: पावतीचा प्रिंटर, रात्रीच्या स्क्रिप्ट, वर्गणीच्या आठवणीची यादी. एका वेळी एकच पायरी चढली की काय मोडलं ते कुठल्या पायरीला मोडलं एवढं तरी हाती राहतं.

बसवलेल्या पॅकेजांची यादी, रोखून ठेवलेल्या पॅकेजांची यादी (एकही नाही), मांडणीच्या फाइलींचं ईटीसी फोल्डर आणि डेटाबेसचा डम्प, सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. डम्प सहज उघडून बघितला आणि त्यात मराठी एक अक्षरही दिसेना. स्क्रीनवर प्रोग्राम उघडला की सगळं मराठी व्यवस्थित दिसतं. डम्पमध्ये मात्र "म" च्या जागी तीन चिन्हं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार कोपऱ्यांना काड्या फुटलेला छोटा गोल, मग वर्तुळातला आर. हे काय आहे ते ओळखीचं होतं, पण किती खोल गेलंय ते आज कळलं नाही. टिपून ठेवलं.

अक्कांना एक विनंती केली: काम होईपर्यंत नवीन आलेली पुस्तकं फक्त कागदी रजिस्टरमध्ये लिहायची, संगणकात घालायची नाहीत.

६ ते १० मे

रोज रात्री दीडदोन तास. पीएचपी ७ मध्ये जुनी मायएसक्यूएल फंक्शनं काढून टाकलीत, म्हणजे पहिल्याच पायरीला प्रोग्राम मरणार. त्यामुळं आधी जुन्या पीएचपी ५.६ वरच सगळा कोड मायएसक्यूएलआय या नव्या फंक्शनांवर आणला. ४६ फाइली. नुसतं नाव बदलून भागत नाही. जुन्या पद्धतीत आधी क्वेरी मग कनेक्शन, नव्यात उलटं. जिथं सभासदानं टाइप केलेला मजकूर सरळ क्वेरीत जोडला होता तिथं बांधीव पॅरामीटर घातले. हे जुन्या मशीनवर करण्यात फायदा हा की चूक माझ्या कोडची का नव्या आवृत्तीची, हा घोळ उरत नाही. शनिवारी रात्री सगळी पानं जुन्या पीएचपीवर चालली.

११ मे, रविवार

एसएसडी घरच्या मशीनला लावली. सुरू झालं, पण नेटवर्क नाही. जेसी प्रत्येक नेटवर्क कार्डाचा पत्ता एका फाइलीत लिहून ठेवते. नवं कार्ड दिसलं की त्याला ईटीएच१ म्हणते आणि आपली मांडणी असते ईटीएच० साठी. ती फाइल रिकामी केली, मशीन परत सुरू केलं, नेटवर्क आलं.

पॅकेजांचे जुने पत्ते आता चालत नाहीत, जुन्या आवृत्त्या डेबियनच्या अर्काइव्हवर हलवल्यात. सोर्सेस लिस्टमध्ये स्ट्रेचचा (डेबियन ९) अर्काइव्ह पत्ता घातला. सुरक्षा विभागाच्या यादीवर मुदत छापलेली असते आणि ती केव्हाच उलटलीय, म्हणून पॅकेजं आणणाऱ्या एपीटीला फक्त मुदत न बघायला सांगितलं. सही तपासणं बंद केलं नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकदम बंद करायचा सल्ला मिळतो; मला तो पटत नाही. मुदत उलटली म्हणजे माल जुना, सही चुकली म्हणजे माल कुणाचा ते माहीत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

सगळं स्क्रीन सत्रात चालवलं, म्हणजे जोडणी तुटली तरी काम अर्ध्यात राहणार नाही. आधी नवीन पॅकेज न आणता जेवढं वर जाईल तेवढं अपग्रेड, मग पूर्ण डिस्ट-अपग्रेड. मध्येच थांबलं: बूटचं वेगळं विभाजन २४० एमबीचं आणि जुन्या कर्नलांनी (सिस्टीमच्या गाभ्यांनी) तुडुंब. चालू कर्नल आणि त्याच्या मागचा एक सोडून बाकी काढले, अर्धवट राहिलेली पॅकेजं नीट बसवून घेतली, पुढं चाललं.

बदललेल्या कॉन्फिग फाइलीबद्दल विचारतं तेव्हा घाईत एंटर मारू नये. पानं दाखवणाऱ्या अपाची या वेब सर्व्हरला आपलीच ठेवली, एसएसएचला फरक बघून नवी घेतली.

रात्री साडेअकराला डेबियन ९.

१२ मे, सोमवार

सकाळी ब्राउझरमध्ये वाचनालयाचं पान उघडलं तर पानाऐवजी प्रोग्रामचा कोडच स्क्रीनवर आला, डेटाबेसच्या पासवर्डसकट. पीएचपी ५ चं अपाची मॉड्यूल गेलं, ७.० चं आलं, पण चालू झालेलं नव्हतं. चालू केलं, सुटलं. बाहेरच्या जगाला उघड्या असलेल्या सर्व्हरवर हे झालं असतं तर पासवर्ड गेलाच समजायचा. म्हणून वहीत पहिल्या पानावर लिहिलं: अपग्रेडच्या वेळी अपाची बंद, मॉड्यूल बघून मगच सुरू.

मग यादी उघडली आणि डम्पमध्ये दिसलेलं ते सगळं आता पानावर आलं. ११ हजारांवर पुस्तकं, एकाचंही नाव वाचता येईना. तिरक्या रेघेचे ए आणि काड्यांचे गोल, ओळींमागून ओळी.

दुपारभर यावर बसलो. प्रकार असा आहे. २०१२ मध्ये टेबलं बनवताना मायएसक्यूएलची मूळ लिपी लॅटिन१, म्हणजे युरोपीय अक्षरांची, होती आणि ती तशीच राहिली. ब्राउझरकडून येणारं मराठी सगळ्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये, प्रत्येक अक्षराला तीन बाइट. डेटाबेसला वाटलं ही तीन युरोपीय अक्षरं आहेत. त्यानं ती तशीच ठेवली आणि मागितली की तशीच परत दिली. घेणारा आणि देणारा दोघेही एकच चूक करत होते, म्हणून तेरा वर्षं सगळं बरोबर दिसलं. आता मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी १०.१ आली. डेबियनच्या मारियाडीबीची मूळ मांडणी यूटीएफ८एमबी४, म्हणजे पूर्ण यूटीएफ-८, आहे. तिनं प्रामाणिकपणे त्या युरोपीय अक्षरांचं यूटीएफ-८ करून दिलं.

एक गोष्ट बघता बघता लक्षात आली. बिघडलेल्या ओळींतसुद्धा मराठी आणि कन्नड वेगळं ओळखू येतं. देवनागरीत दुसरा बाइट ए४ नाहीतर ए५ असतो, त्यामुळं तिरक्या ए नंतर काड्यांचा गोल किंवा, दुसऱ्या वेलांटीपासून पुढं, जपानी येनचं चिन्ह. कन्नडचा दुसरा बाइट बी२ नाहीतर बी३, म्हणून ए नंतर वर चढवलेला दोनचा किंवा तीनचा आकडा. आमच्याकडं दहात एक पुस्तक कन्नड आहे. दोन्ही लिप्या आत सुखरूप आहेत एवढं त्या चिन्हांवरून समजलं आणि जीव थाऱ्यावर आला.

आज एवढंच केलं की सर्व्हरची मूळ लिपी तात्पुरती परत लॅटिन१ केली. यादी पुन्हा वाचता आली. पण हे पांघरूण आहे. खरी दुरुस्ती पुढच्या पायरीला करायची, कारण शीर्षकाच्या रकान्यावर इंडेक्स आहे आणि १०.१ मध्ये आमच्या टेबलांच्या इंडेक्सला ७६७ बाइटची मर्यादा. यूटीएफ८एमबी४ मध्ये एका अक्षराला चार बाइट धरले जातात, म्हणजे रकाना पुढं वाढवायचा झाला तर १९१ अक्षरांवर गाडी अडते. बस्टरमधल्या (डेबियन १०) १०.३ मध्ये ती मर्यादा ३०७२ पर्यंत जाते.

सोपा रस्ता म्हणून डम्पची फाइल आयकॉन्व्ह या लिपी बदलणाऱ्या प्रोग्रामनं उलटी फिरवून बघितली, यूटीएफ-८ वरून विंडोज १२५२ या युरोपीय अक्षरांच्या तक्त्यावर. पहिल्याच जोडाक्षराला थांबली. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आपला हलन्त बरोबर ८डी वर संपतो. "ए" ८एफ वर, "ऐ" ९० वर, "झ" ९डी वर, चंद्रबिंदू ८१ वर. न जमणारी चिन्हं गाळायला सांगितलं तर ती मुकाट्यानं गाळते आणि "ऐतिहासिक" या विभागाचं पहिलं अक्षरच जातं, प्रत्येक जोडाक्षर फुटतं. ती फाइल लगेच पुसली. मायएसक्यूएलचा स्वतःचा लॅटिन१ या पाच जागा जपून ठेवतो, तेव्हा बदल डेटाबेसच्या आतच करायचा.

१८ मे, रविवार

९ वरून १०. पॅकेजांचं काम दीड तासात झालं. ईटीएच० हे नाव इथून पुढं भरवशाचं नाही, म्हणून नेटवर्कची मांडणी नव्या पद्धतीच्या नावावर नेली.

मग लिपी. प्रत्येक मजकुराच्या रकान्याला दोन टप्पे: आधी व्हारबायनरी, म्हणजे डेटाबेसला सांगायचं की ही अक्षरं नाहीत, नुसते बाइट आहेत, हात लावू नको. मग तेच बाइट यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचायला सांगायचं. थेट लॅटिन१ वरून यूटीएफ८एमबी४ केलं तर तो बिघाड कायमचा कोरला जातो. इंडेक्सची मर्यादा वाढावी म्हणून टेबलांची रो फॉरमॅट डायनॅमिक केली.

सभासदांचं टेबल: झालं. लेखक: झालं. विभाग: झालं. पुस्तकं: अडलं. "स्ट्रिंगची किंमत चुकीची", शीर्षकाच्या रकान्यात.

ती नोंद उघडली. शीर्षक मध्येच तुटलेलं आणि शेवटी एकच सुटा बाइट, अक्षराचा पहिला तुकडा. दुसरी नोंद तशीच. शीर्षकाचा रकाना १०० अक्षरांचा ठरवला होता. लॅटिन१ च्या हिशेबात १०० अक्षरं म्हणजे १०० बाइट, आणि मराठीची तेहतीस. त्यातही काना, मात्रा, हलन्त प्रत्येकी वेगळे मोजले जातात. एकट्या "श्री" ला बारा बाइट लागतात. जुनी मायएसक्यूएल जास्तीचं शेपूट कापून टाकायची आणि तक्रार करायची नाही. नवी मारियाडीबी कडक आहे, अर्धं अक्षर घेत नाही.

लांबी बरोबर १०० बाइट असलेल्या नोंदी मोजल्या. ३४२.

तेरा वर्षं ही नावं अर्धीच होती. आज अपग्रेडनं काही बिघडवलं नाही, झाकलेलं उघडं केलं.

१९ मे, सोमवार

यादी छापून वाचनालयात गेलो. अक्कांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि म्हणाल्या, "होय की रे, शेवटी तो काळा चौकोन येतोय न्हवं? मला वाटलं फॉन्टचा दोष." एवढी वर्षं शोधताना नाव सापडलं नाही की त्या सरळ उठून कपाटाकडं जायच्या.

दाखल रजिस्टरं काढली. लाल कापडी पाठीची, पहिल्या दोनांची शिवण सुटलेली. अक्कांच्या आधीच्या ग्रंथपालांचं अक्षर टपोरं, शाईचं, एकेक नाव पूर्ण लिहिलेलं, उपशीर्षकासकट, "आवृत्ती दुसरी" सकट. दाखल क्रमांक शोधायचा आणि समोर अख्खं नाव. संगणकानं कापलेलं सगळं त्या रजिस्टरांत होतं. मी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले. ही रजिस्टरं आता बॅकअपचाच भाग समजायची, असं सचिव सरांना सांगितलं.

अडीचच्या सुमाराला वळीव आला, वाऱ्यासकट. लाईट गेली ती साडेपाचपर्यंत नाही. खिडकीजवळच्या उजेडात पेन्सिलीनं ६१ नावं लिहून काढली. तात्या पेपर वाचायला आले होते, दारातून विचारून गेले, "काय करूलास रे, झालं काय नाही?"

यूपीएस दहा मिनिटंही धरत नाही हे आज कळलं. बॅटरी बदलायची. अपग्रेड चालू असताना लाईट गेली तर काय, याचा विचार आधी करायला हवा होता.

२० ते २४ मे

शाळा सुरू व्हायच्या आत पोरांचा हात मिळाला. चौघंजण, रोज दुपारी. एकानं रजिस्टर वाचायचं, एकानं लिहायचं, दुसऱ्या जोडीनं तपासायचं. कन्नड नावं ३८ होती. मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. नववीतली एक पोरगी मराठी शाळेतलीच, पण शाळेत कन्नड शिकलेली. तिनं ती अडतीस एका बैठकीत घातली आणि कपाटातलं पुस्तक काढून प्रत्येकाच्या मुखपृष्ठाशी ताडून बघितली. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

३४२ पैकी ९ नावं मुळातच बरोबर १०० बाइटची निघाली, पूर्ण होती. बाकी ३३३ भरली.

२५ मे, रविवार

यूपीएसची नवी बॅटरी बसवून तिच्यावरच काम केलं.

१० वरून ११: सुरक्षा विभागाच्या ओळीचं नाव बुल्सआयपासून (डेबियन ११) बदललंय, जुनं ठेवलं तर एपीटी सापडत नाही म्हणतं. बाकी सुरळीत.

११ वरून १२: कार्डांची फर्मवेअर आता नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात गेलीय, तो ओळीत जोडला नसता तर वाचनालयातलं रियलटेक कार्ड अडलं असतं. पीएचपी ७.४ वरून ८.२. प्रोग्राम दोन ठिकाणी मोडला. एक सरळ: ईच हे फंक्शन आठव्या आवृत्तीत नाही, फोरईच घातलं. दुसरं फसवं होतं. कसलीच चूक दाखवत नव्हतं, पण प्रत्येक सभासदासमोर लाल अक्षरांत "दंड बाकी: ०". कोडमध्ये दंडाची तुलना रिकाम्या मजकुराशी होती. पीएचपी ७ पर्यंत आकडा शून्य आणि रिकामा मजकूर समान धरत, ८ मध्ये नाही. कोड सरळ शून्याशी ताडला. अशा तुलना शोधत सगळ्या फाइली पुन्हा वाचल्या, आणखी तीन सापडल्या. त्यातली एक पुस्तक परत आलंय का नाही ठरवणारी होती. ती तशीच राहिली असती तर परत दिलेलं पुस्तक सभासदाच्या नावावर दिसलं असतं आणि अक्कांना गावात कुणाशी तरी वाद घालावा लागला असता.

रिकामा दंड भरताना कडक डेटाबेस अडतो, हेही आजच दिसलं. रिकामं असेल तर शून्य पाठवायचं केलं.

२६ मे, सोमवार

अक्का घरी आल्या, सोबत नववीतली ती. माझ्या मशीनवर दोन तास खऱ्यासारखी देवघेव केली: पुस्तक देणं, घेणं, मुदत वाढवणं, वर्गणीची पावती, नवा सभासद, हरवलेलं पुस्तक. मी बाजूला बसून फक्त लिहून घेतलं. पावतीवर "र्‍य" नीट छापला जात नव्हता, नवा देवनागरी फॉन्ट घातल्यावर आला. यावरून एक कळलं: काही नोंदींत हे अक्षर साध्या र ला हलन्त आणि जोडचिन्ह लावून लिहिलंय, काहींत नुक्त्याच्या ऱ नं. डोळ्यांना एकच, शोधताना दोन. पुढचं काम म्हणून यादीत.

१ जून, रविवार

उद्याची रंगीत तालीम. जुन्या डम्पवरून पूर्ण नवा डेटाबेस उभा केला, सुरुवातीपासून, वहीत लिहिलेल्या क्रमानं. ३५ मिनिटं. पुस्तकांचं टेबल जुन्यावरून आणायचं नाही, नाहीतर भरलेली ३३३ नावं पुन्हा कापली जातील. सभासद, देवघेव आणि वर्गणी एवढीच आणायची, त्याच दोन टप्प्यांनी. नवी पुस्तकं कागदावरून.

२ जून, सोमवार

सकाळी आठला वाचनालयात. पावसाची झिमझिम, पण लाईट होती.

जुन्या मशीनवर अपाची बंद केलं, म्हणजे आता कुणी नवी नोंद करू शकत नाही. शेवटचा डम्प काढला. त्यात लिपी बदलू नये म्हणून लॅटिन१ सांगून आणि डम्पच्या डोक्यावरची लिपीची ओळ गाळून. फाइल उघडली: मराठी, सरळ वाचता येणारं. सभासदांची संख्या, चालू देवघेवीची संख्या, वर्गणीची एकूण रक्कम, तिन्ही वहीत लिहिली.

मशीन बंद करून जुनी हार्डडिस्क काढली, धूळ झाडली, एसएसडी बसवली. कार्डाचं नाव घरच्यापेक्षा वेगळं निघणार हे धरूनच होतो, मांडणीत दुरुस्त केलं. डेटा आत घेतला. तिन्ही आकडे जुळले. वाचकांच्या दोन्ही मशीनवरून पान उघडलं. जुन्या डिस्कला तारखेची चिठ्ठी लावून अक्कांच्या कपाटात कुलपात ठेवली. वर्षभर पुसायची नाही.

मे महिन्यातली २३ पुस्तकं अक्कांनी स्वतः घातली. त्यातलं एक नाव मुद्दाम लांब बघून घेतलं होतं. पूर्ण बसलं.

एकला संपलं. तासाभराचं काम राहिलं होतं ते बॅकअपचं. आता रोज रात्री डम्प निघतो, बाहेर जातो, आणि गेला नाही तर सचिव सरांना आणि मला मेसेज येतो. सुरक्षा दुरुस्त्या आपोआप लागतील अशी सोय केली. डेबियन १२ ला वाढीव मुदत धरून ३० जून २०२८ पर्यंत त्या मिळणार. वाचनालयाच्या कार्यवृत्तात ही तारीख लिहून ठेवायला सांगितली.

३ जून, मंगळवार

सकाळी नऊपासून थांबलो होतो. ४१ देवघेवी झाल्या. एक तक्रार: पानाचा रंग थोडा फिका दिसतोय.

९ जून, सोमवार

आठवड्याचे सात डम्प बाहेर पोचले. त्यातला शुक्रवारचा घरी उतरवून वेगळ्या मशीनवर उभा करून बघितला. आकडे जुळले, नावं वाचता आली.

दुपारी अक्कांचा फोन. तात्या गेली कित्येक वर्षं एक जुनं पुस्तक मागत होते. नावाचा शेवटचा शब्द तेवढा त्यांच्या लक्षात होता आणि नेमका तोच कापला गेलेला. आज तो शब्द घातला आणि दाखल क्रमांक आला. तिसऱ्या कपाटात, वरच्या फळीवर होतं.

बाकी काम: "र्‍य" च्या दोन रूपांची एक करणे, रजिस्टरांच्या फोटोंची दुसरी प्रत, पहिल्या दोन रजिस्टरांची बांधणी.